जाकिटवाल्या पाव्हण्याचं गाणं

मुलाखतीला आईलाही सोबत न्यायचं ठरलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तिथं गायला लावतील का?"

"लावतील बहुतेक," मी म्हणाले.

तेव्हापासून तिनं ताक बंद केलं. घसा धरतो म्हणून.

हिंगोलीत हळदीच्या व्यापारात मोठं झालेलं एक घराणं आहे. त्यांनी आजोबांच्या नावानं ट्रस्ट काढलाय. जिल्ह्यात कुणी कलेचं किंवा पत्रकारितेचं काम करत असेल, तर त्यातल्या दोघा-तिघांना ट्रस्ट दरवर्षी मदत देतो. मी आईबरोबर डोंगरकड्याला राहते. बरीच वर्षं एका दैनिकाला गावाकडच्या बातम्या पाठवायचे. बातमी माझी असायची आणि वर 'प्रतिनिधी' छापून यायचं. शेवटी कंटाळून स्वतःचंच काम सुरू केलं. दर सोमवारी फोनवर दहा मिनिटांचं बातमीपत्र बोलायचं आणि बायांच्या ग्रुपवर सोडायचं. कोणती एसटी बंद झाली, मोंढ्यात हळदीला काय भाव निघाला, उपकेंद्रात नर्सबाई कोणत्या वारी येते, रेशनचं मशीन कुठं बिघडलं. सगळं आमच्याच बोलीत. शेवटी आईची एक ओवी. बाया खुरपताना फोन बांधावर ठेवून ऐकायच्या. आमच्या गावातून निघालेलं ते कळमनुरीला आणि तिथून पार कनेरगाव नाक्यापर्यंत कधी पोचलं, मलाही कळलं नाही.

ते मला वाढवायचं होतं. चांगला रेकॉर्डर हवा होता, गावोगाव फिरायचं होतं, आणि ज्या बाया मला बातम्या कळवायच्या त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचं होतं. म्हणून ट्रस्टकडे अर्ज केला. कामाचा नमुना मागितला होता, तर आमची काही बातमीपत्रं आणि आईच्या होत्या नव्हत्या तेवढ्या ओव्या पेन ड्राइव्हमध्ये भरून दिल्या.

ट्रस्टचं ऑफिस त्यांच्या गोदामाच्या वर होतं. जिना चढतानाच हळदीचा वास नाकात बसला. समोर तिघं होते. घराण्याची सून, तिला सगळे मॅडम म्हणायचे. एक वयस्कर वकील, ते मुलाखत होईपर्यंत फोनच बघत होते. आणि तिसरे सर. मराठीचे निवृत्त प्राध्यापक. जिल्ह्यात कुणाचंही पुस्तक निघालं की प्रकाशनाला हेच. अंगात बदामी जाकीट, खिशाला पेनं. निवड खरं तर हेच करतात, असं आधीच कानावर आलं होतं.

सरांनी माझं बातमीपत्र लावलं. थोडंसं ऐकलं आणि बंद केलं.

"'नांदेडची गाडी येऊन राहिली,'" ते माझा आवाज काढून म्हणाले. "येऊन राहिली म्हणजे काय हो? मुक्कामाला राहिली का तुमच्या गावात?"

वकिलांनी फोनमधून मान वर केली आणि हसले. मॅडमही हसल्या.

"आमच्याकडं असंच बोलतात, सर."

"बोला ना. भाजी घेताना बोला, भांडताना बोला. पत्रकारितेला मात्र भाषा लागते."

मग ते आईकडं वळले. "आजी, तुम्ही म्हणा एखादी."

आई गायली. आधी नेहमीची एक माहेरची ओवी, आणि मग तिनं ती माझी घेतली. माझी म्हणजे माझ्या जन्माची. मुलगी झाली हे कळल्यावर माझी आजी, म्हणजे आईची सासू, तोंड फिरवून बाहेर गेली होती. बाळंतिणीला पाणी द्यायलाही कुणी आत आलं नाही. तेव्हा आईनं ती रचली:

लेक झाली म्हणताना, घरादाराची पडं मान
माझ्या मांडीवर बाई, डोलं हळदीचं पान

सरांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झालं आपलं काम. पण डोळे उघडून ते म्हणाले, "गोड आहे. पण आजी, याला वाङ्मय म्हणता येत नाही. दळताना जीव रमावा म्हणून केलेली ही गुणगुण."

"व्हय बापा," आई म्हणाली आणि पदर सावरून उठली.

परतीच्या एसटीत ती खिडकीतून बघत होती. कळमनुरी मागं पडल्यावर म्हणाली, "त्यानं डोळे मिटले व्हते. आवडलं त्याला."

मदत मिळाली नाही. फोनवर दोन ओळींचा निरोप आला. मला वाईट वाटलं, राग नाही आला. नकार मी खूप पचवलेत. राग आला तो हिवाळ्यात.

हिवाळ्यात ट्रस्टचा वार्षिक कार्यक्रम असतो. मी बातमीसाठी गेले आणि आईला घेऊन गेले, कारण निमंत्रणावर 'जात्यावरच्या ओव्या' असं लिहिलं होतं आणि तिला ऐकायच्या होत्या. आम्ही मागच्या रांगेत बसलो. पडदा उघडला. मध्ये सजवलेलं जातं, त्याला झेंडूच्या माळा. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला तबला. नऊवारी नेसून गायला बसलेली बाई म्हणजे सरांची सून. निवेदकानं सांगितलं, या वर्षीच्या ट्रस्टच्या मदतीतून हा प्रकल्प उभा राहिला आहे. सर्व रचना पारंपरिक. संकलन सरांचं.

दुसरीच ओवी आईची निघाली. मग तिसरी. आई माझ्याकडं बघायला लागली. मी तिचा हात धरला. आणि मग ती माझ्या जन्माची ओवी आली, पेटीच्या सुरात, सावकाश, घोळवून. फक्त एक शब्द बदललेला:

लेक झाली म्हणताना, घरादाराची उंच मान

टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेत मुलींच्या शिक्षणाचे कुणी अधिकारी बसले होते, त्यांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आईनं माझा हात सोडवून घेतला. "उंच?" ती म्हणाली. "माझ्या सासूची मान कवा उंच झाली व्हती?"

ती हे हळू नाही बोलली. पुढच्या चार रांगांनी मागं वळून बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर मी आईला घेऊन स्टेजच्या मागं गेले. सरांच्या गळ्यात हार होता. मी म्हणाले, "सर, या ओव्या माझ्या आईच्या आहेत. तुम्हाला नमुना म्हणून दिल्या होत्या."

ते दचकले नाहीत. उलट हसले. "अहो, ओव्या कुणाच्या मालकीच्या नसतात. लोकवाङ्मय आहे ते. पारंपरिक."

"मुलाखतीत तुम्ही म्हणाला होता, हे वाङ्मय न्हाई."

"संस्कार केल्यावर होतं."

"ही ओवी माझ्या जन्माची हाय. करणारी बाई तुमच्यासमोर उभी हाय."

त्यांनी आईकडं बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी फोटोला बोलावत होतं. जाता जाता म्हणाले, "प्रत्येक म्हातारीला तसंच वाटतं."

हे वाक्य मी विसरले नाही. विसरायचं नाही असं तिथंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. "बघते, सरांशी बोलते," असं म्हणाल्या आणि पुन्हा फोन उचलला नाही. ज्या दैनिकाला मी बातम्या द्यायचे तिथं बातमी लिहून पाठवली. संपादक म्हणाले, "त्यांच्या जाहिराती येतात आपल्याकडं. काहून नसत्या भानगडीत पडता?" मग मी गप्प बसले. बाहेरून गप्प. आतून मी दिवसरात्र त्या माणसाला उभं आडवं करत होते. पोळ्या लाटताना करत होते, एसटीत करत होते. माफी मला नको होती. माफी मागून माणूस मोकळा होतो. त्याला चारचौघांत लाज वाटायला हवी होती, आणि ती एकदाच नको, पुन्हा पुन्हा हवी होती.

वाट आईनंच दाखवली.

हळद शिजवायचे दिवस होते. आमच्या भावकीतल्या शेतात कढई लागली होती आणि आम्ही सात-आठ बाया शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरत होतो. हिंगोलीची गोष्ट एव्हाना साऱ्यांना माहीत झाली होती. एक वहिनी चेष्टेनं म्हणाली, "काकू, तुमच्या ओव्या नेल्या त्या मास्तरनं. आता काय म्हणतान?"

आईनं हातातली हळकुंडाची फणी उलटी पालटी केली. मग लग्नाच्या हळदीत व्याह्यांची खोडी काढताना बाया ज्या चालीवर गातात, ती चाल धरली:

जाकिटवाला पाव्हणा, बसवा गं उंच पाटावर
डोळा ठेवा बायांनो, त्याच्या दोन्ही हातावर

बाया जागच्या जागी बसल्या हसायला. आई थांबली नाही.

तांब्या नेला, वाटी नेली, नेलं न्हाई पाणी
जाता जाता घेऊन गेला, म्हातारीची गाणी

मी हात पुसले आणि फोन काढला. "पुन्हा म्हण," मी म्हणाले, "अन् त्याच्या सुनेचंही एक कडवं घाल."

"न्हाई," आई म्हणाली. "बाईमाणसाला न्हाई गोवायचं. तिला जे दिलं ते तिनं गायलं."

"ती उंच मान म्हणली, आई."

"तिनं न्हाई लिवलं ते." आणि तिनं खरंच घातलं नाही. मी रात्री स्वतः एक कडवं रचायचा प्रयत्न केला. पण तिच्यासारखं जमत नाही मला. शिवी होते, गाणं होत नाही.

गाण्यात नाव नव्हतं, गाव नव्हतं. त्या सोमवारी बातमीपत्राच्या शेवटी मी ते लावलं. वर एवढंच म्हणाले, "लग्नसराई येऊन राहिली, तर बायांनो, हळदीला हे म्हणा." येऊन राहिली हे मी मुद्दाम ठासून म्हणाले.

गाणं असं पळालं की बातमीपत्र मागं राहिलं. गावागावातून बाया आवाज पाठवायला लागल्या. कुठं ढोलकीवर, कुठं नुसत्या टाळ्यांवर. जी ती आपल्या पाव्हण्याला चिडवायला ते म्हणायची, पण जाकीट तसंच ठेवायची, आणि जाकीट कुणाचं हे हळूहळू साऱ्या जिल्ह्याला कळलं. कार्यक्रमात आमच्या पुढं बसलेल्या त्या चार रांगांनी आपलं काम केलं होतं.

उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याच्या एका ऐकणाऱ्या बाईचा फोन आला. "ताई, आमच्या पुतणीचं लग्न हाय. नवऱ्या मुलाचा मामा तुमचा तो जाकिटवाला निघाला. येता का?"

मी विचारलंच नाही काही. आईला म्हणाले, बातमीला चालले. ती म्हणाली, "जा. पण शेजारी नको बसू त्याच्या." मी वाशिम रोडच्या एसटीत बसले. इतकी उत्सुकता मला माझ्या लग्नातही नव्हती.

मंडपात ऊन असं की पत्रे तापलेले, तरी सर जाकीट घालून आले होते. मानाचे पाव्हणे म्हणून त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. मी बायांच्या बाजूला खांबाला टेकून उभी होते. नवरीकडच्या बायांनी आधी नवऱ्याच्या आईला चिडवलं, मग आत्याला. सरही हसत होते, मान डोलवत होते. मग मला फोन केलेल्या त्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि सुरू केलं, जाकिटवाला पाव्हणा, बसवा गं उंच पाटावर.

आधी त्यांना कळलं नाही. दुसऱ्या ओळीला घास हातात थांबला. वाढायला निघालेली एक पोरगी हसू दाबत पुढं आली आणि त्यांच्या ताटापुढची वाटी अलगद उचलून बाजूला ठेवली. मंडप फुटला हसून. म्हातारे हसले, आचारी कढई सोडून बघायला आले. 'म्हातारीची गाणी'ला पुरुषांच्या पंगतीतूनसुद्धा आवाज आला. कुणीतरी शेजारच्याला सांगत होतं, "हेच ते हिंगोलीचे सर."

सरांनी जाकीट काढलं. घडी घालून मांडीखाली ठेवलं. त्यावर अजूनच हसले लोक.

आणि त्यांच्या बायकोला मी बघितलं. नवरदेवाच्या आईशेजारी बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. आधी वाटलं रडतेय. मग तिनं पदर काढला, डोळे पुसले आणि पुन्हा हसली. कितीतरी वर्षांचं साठलेलं हसत असावी.

सरांनी मला बघितलं तेव्हा ते हात धुवायला उठले होते. जेवण अर्धंच होतं. मी नजर हलवली नाही. नमस्कारही केला नाही.

त्यांची सून मला मंडपाच्या मागं गाठायला आली. वय फार नव्हतं. म्हणाली, "ताई, मला म्हणाले होते की जुनी ओवी आहे. कुणाची आहे हे मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं," मी म्हणाले आणि एसटीला निघाले. आई तिथं असती तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला असता. मी आई नाही.

आठवड्याभरात सरांचा फोन आला. अब्रुनुकसानीचा दावा करतो म्हणाले. कुणी रचलं ते सांगा म्हणाले.

या क्षणासाठी मी हिवाळ्यापासून जगत होते. "सर," मी म्हणाले, अगदी त्यांच्या शुद्ध भाषेत, "ते पारंपरिक आहे. लोकवाङ्मय. ते कुणाच्या मालकीचं नसतं."

मी फोन ठेवला नाही. त्यांनी ठेवला.

त्यानंतर पावसाळ्यात एक दिवस ते थेट आमच्या घरी आले. एकटेच, रिक्षानं, साध्या सदऱ्यात. मी दारातच उभी राहिले. आईनं मला बाजूला केलं, सतरंजी टाकली आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. बघत राहिले त्याच्याकडं. मला कळलं का ते, आणि मी मोठ्यानं हसले. आई रागावली माझ्यावर. "घ्या सर, पाणी प्या," ती म्हणाली.

ते म्हणाले, "आजी, मला कुठं जाता येत नाही. भाषणाला उभा राहिलो की मागं पोरं गुणगुणतात. हे थांबवायला सांगा."

"ती ओवी कोणाची हाय, सर?"

ते सतरंजीकडं बघायला लागले. मग म्हणाले, "तुमची असेल."

"असंल का हाय?"

"आहे."

"मंग जिथं टाळ्या घेतल्या तिथं उभं राहून सांगा. मी उद्या पोरीला थांबवते."

त्यांनी मान खाली घातली. पाणी न पिताच गेले. आणि जिथं सांगायचं तिथं कधी सांगितलं नाही.

ते गेल्यावर आई म्हणाली, "पुरे कर आता. म्हातारा माणूस हाय."

"तू पण म्हातारी व्हतीस," मी म्हणाले. "तवा तो काय म्हणला?"

ती भाकरी थापत होती. थापत राहिली. आमचं त्यावर पुढं बोलणं झालं नाही, पण दोन-तीन दिवस घरात दोघींचं ताट वेगवेगळ्या वेळी वाढलं गेलं.

दिवाळीच्या आत सर ट्रस्टच्या निवड समितीतून बाहेर पडले. तब्येतीचं कारण दिलं. पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. ज्यांनी माझे फोन उचलले नव्हते त्याच. आवाजात साखर होती. "या वर्षी तुम्ही पुन्हा अर्ज कराच. बोलीभाषेतलं काम आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं." मी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "फक्त एक विनंती. ते गाणं तुमच्या बातमीपत्रात पुन्हा लावू नका. सर आमच्या घरोब्यातले आहेत."

"असं होय?" मी म्हणाले. त्यांना वाटू दिलं की मी भांडणार. मग म्हणाले, "ठीक आहे, मॅडम. मी न्हाई लावणार."

मदत मिळाली. रेकॉर्डर आला. कळवणाऱ्या बायांच्या हातावर थोडं थोडं ठेवता येतं. अहवालात ट्रस्टचे आभार मानायचे असतात, ते मी मानते, जितके छापायला लागतात तितकेच. आईच्या ओव्या आता मी तिचं नाव घेऊन लावते, आणि 'पारंपरिक' हा शब्द आमच्या बातमीपत्रात कुणाला बोलू देत नाही. शब्द दिला तसं ते गाणं मी पुन्हा लावलं नाही. आईला वाटलं, माझा राग निवळला. मी तिला तसं वाटू दिलं.

परवा वसमतकडच्या एका बाईचा फोन आला. तिला मी कधी बघितलेलं नाही. म्हणाली, "ताई, आमच्याकडं हळदीला त्या जाकिटवाल्याचं नवं कडवं निघालं. तुमी ऐकलं का?" ते आईचं नव्हतं, माझंही नव्हतं. तिनं फोनवरच म्हणून दाखवलं:

विद्वान म्हणू, शहाणा म्हणू, म्हणू का गं सर?
ओवी पुसते दारातून, कोणाचं हे घर?

बाहेर आई शेजारणीशी बोलत होती. मी दार लोटून घेतलं आणि त्या बाईला म्हणाले, "अजून एकदा म्हण. सावकाश म्हण."